बिनधडाचा कोल्हा

बॉनेट सापडलं नाही, तर डिकन टटल यांचा फायदाच होता. जेरुशा व्हीलॉकने तो बोटांवर मोजायला घेतला.

गाईंच्या धारा काढायला हिटीच्या हातांची जोडी. लोणी घुसळायला तेच हात. सोमवारचं धुणं, मंगळवारची इस्त्री, कोंबड्यांची खुराडी, आणि रात्री डिकनांचे चिखलाचे बूट खरवडून चुलीपाशी वाळत ठेवणं. आणि या सगळ्याच्या बदल्यात डिकनांनी द्यायचं काय? माळ्यावरची एक गवताची गादी आणि टटलांच्या पंगतीत उरेल ते.

"आणि टटलांच्या पंगतीत काही उरत नाही," जेरुशा म्हणाली, "कारण तिथे लिफ जेवायला असतो."

"मी इथेच बसलोय," डिकनांचा नातू लिफ म्हणाला.

"म्हणूनच मोठ्याने सांगतेय."

चौघं व्हीलॉकांच्या मेपलच्या गुऱ्हाळात बसली होती. हिवाळ्याची शाळा संपली होती आणि उन्हाळ्याची सुरू व्हायला अवकाश होता. मधल्या दिवसांत करायचं काय, तर झाडांना टांगलेल्या बादल्यांतला रस आणून कढईत ओतायचा आणि चिखल वाळायची वाट बघायची. बर्फ वितळलं होतं, रस्ते गुडघाभर रेंद्याचे झाले होते. गावात गाडी येत नव्हती, गावाबाहेर गाडी जात नव्हती. सगळ्या गावाच्याच अंगात चुळबूळ भरली होती. जेरुशाच्या धाकट्या भावाच्या, एसाच्या, अंगात तर ती बारा महिने असे. तो कढईभोवती फेऱ्या मारत होता, मध्येच दारापर्यंत जाऊन परत येत होता.

चौथी होती हिटी. तिचंच बोलणं चाललं होतं आणि तीच बोलत नव्हती. हिटीला आईबाप नव्हते. गावाने कागद करून तिला अठरा वर्षांची होईपर्यंत कझाया मावशीकडे ठेवलं होतं. कझाया मावशी टोप्यांच्या पेट्या करायची. स्प्रूसच्या ओल्या लाकडाच्या पातळ पट्ट्या वाकवून त्यांचा गोल शिवायचा. आतून जुनी वर्तमानपत्रं चिकटवायची आणि बाहेरून कुणाच्या तरी दिवाणखान्याच्या भिंतीला लावून उरलेला रंगीत कागद. गिरणीगावच्या मुलींच्या त्या पेट्यांवर उड्या पडत. बर्फ असेपर्यंत स्लेज जाते म्हणून मावशी घसरगाडीभर पेट्या घेऊन तिकडे गेली, आणि मागे एका रात्रीत बर्फच गेलं. आता रस्ता वाळेपर्यंत ती तिकडे अडकली होती आणि हिटी इकडे.

आणि नेमकं आत्ताच गावचे बडे जमीनदार स्क्वायर पॉमरॉय यांच्या मुलीचं बॉनेट, म्हणजे हनुवटीखाली फिती बांधायची टोपी, गेलं होतं. साधं नव्हे, बॉस्टनहून आलेलं, पिवळ्या धम्मक वेताचं, निळ्या रेशमी फितींचं, लग्नासाठी घेतलेलं.

ते गेलं असं. चिखलाच्या दिवसांत प्रार्थनाघरात यायचं तर गावातल्या बायका डोक्याला जुनं फडकं गुंडाळून, पायात नवऱ्याचे बूट घालून येत. चांगलं बॉनेट पेटीत. दाराशी लांब फळी होती. तिच्याशी उभं राहून डोक्यावरचं बदलायचं, पेटी फळीवर ठेवायची आणि आत जाऊन देवासमोर नीटनेटकं बसायचं. दुपारचं प्रवचन संपलं की पुन्हा उलटी अदलाबदल. गेल्या रविवारी लुक्रेशिया पॉमरॉयने बॉनेट काढून पेटीत ठेवलं, पेटी फळीवर ठेवली आणि ती पाद्रीबाईंशी लग्नाचं बोलायला क्षणभर आत गेली. परत आली, पेटी उचलली, घरी गेली. मंगळवारी मैत्रिणीला दाखवायला पेटी उघडली तर आत काही नाही.

आणि त्या फळीशेजारच्या बाकावर बसलं होतं कोण? हिटी. तिला ढास लागली म्हणून प्रवचनाच्या मध्यातच डिकनांनी तिला बाहेर बसवलं होतं.

"तुला काहीच दिसलं नाही?" जेरुशाने पुन्हा विचारलं.

"घागरे दिसले," हिटी म्हणाली. "मी डोक्यावरून शाल घेऊन खोकत होते. सगळ्या बायका एकदम बाहेर आल्या. नुसते घागरे."

डिकन टटल म्हणजे प्रार्थनाघराचे कारभारी, आणि गावाच्या पंचांपैकी. अनाथांचे कागद त्यांच्याच पेटाऱ्यात. त्यांनी बुधवारी कझाया मावशीच्या घराची झडती घेतली. हिटीच्या गादीतलं गवत उपसलं, खळीच्या भांड्यातसुद्धा काठी घालून पाहिली. काही सापडलं नाही. तेव्हा ते म्हणाले की सापडलं नाही याचा अर्थ पोरीने फार चांगलं लपवलंय. मग शेजारपाजारची घरं झाली. तिथेही सापडलं नाही, तेव्हा त्यांचा पोरीच्या हुशारीवरचा विश्वास आणखी वाढला. शुक्रवारी दुपारी ते तिला स्वतःच्या घरी नेणार होते, 'नजरेखाली ठेवायला'. आणि दुकानात सगळ्यांसमोर त्यांनी जाहीर केलं होतं की ज्याच्या छपराखाली ते बॉनेट निघेल, त्या घराने येत्या हिवाळ्याची शाळेची सगळी लाकडं फोडून द्यायची. हे त्यांनी कझाया मावशीचं छप्पर डोळ्यांसमोर ठेवून म्हटलं होतं, हे सगळ्यांना कळलं होतं.

"मावशी आल्यावर सोडवेल की तुला," एसा म्हणाला.

हिटीने मान हलवली. "कागद बदलला की बदलला. मावशी काय करणार? आणि ती म्हणाली होती, या शरदात तिच्या पेट्यांत एक पेटी माझी. कागद मी निवडायचा, चित्रं मी कापायची, गिरणीगावात माझ्या नावाने विकायची." एवढं बोलून ती कढईखाली लाकूड सारायला उठली.

 मग एसाने दाराला लाथ मारून ते उघडलं. "मला बसवत नाही बुवा. चला ना कुठेतरी."

"चला," जेरुशा म्हणाली. "ती रिकामी पेटी बघायला."

*

लुक्रेशिया पॉमरॉय रडून रडून सुजली होती आणि कुणीतरी विचारायला आलं याचाच तिला आनंद झाला. जेरुशाने काकवीचं मडकं पुढे केलं आणि सहज विचारावं तसं पेटीचं विचारलं. लुक्रेशियाने ती टेबलावर आणून आपटली. आता तिला हातही लावायची इच्छा नाही, म्हणाली.

पेटी मोठी देखणी होती. पॉमरॉयांच्या दिवाणखान्याचाच पिवळा कागद. त्यावर चित्रांची ओळ: कुंपण, मग कोल्हा, त्याच्या पुढे पळणारं बदक, पुन्हा कुंपण, पुन्हा कोल्हा. बदक चोच वासून पळत होतं. कोल्हा मात्र निवांत धावत होता, पगारी असल्यासारखा.

लिफने झाकण काढून डोकं आत घातलं. ते बराच वेळ बाहेर आलं नाही.

"बॉनेट नाहीये रे आत," एसा म्हणाला. "बघितलंय त्यांनी."

"पाई," पेटीतून आवाज आला. "सफरचंदाची. जायफळ घातलेली."

लुक्रेशियाने नाक मुरडलं. तिच्या पेटीत बॉनेटखेरीज काहीही कधीही ठेवलेलं नव्हतं. लिफने डोकं बाहेर काढलं आणि तळाच्या वर्तमानपत्रावर बोट ठेवलं. तिथे एक गोल तेलकट डाग होता, आणि त्या डागाच्या कडेला पाईच्या भाजक्या पारीचा एक चिमुकला कुरकुरीत तुकडा. लिफने तो पुरावा म्हणून कुणी ठेवायला सांगण्याआधीच खाल्ला.

"आपलीच," असं काहीतरी तो पुटपुटला आणि एकदम गप्प झाला. जेरुशाने ते पाहिलं. लिफ खाल्ल्यावर कधी गप्प होत नसे.

एवढ्यात एसाने पेटी फिरवून मागची बाजू पुढे केली. पेटीला मागे सांधा असतो. कागदाची दोन टोकं तिथे एकमेकांवर येतात, म्हणून तो भाग भिंतीकडे ठेवायचा. मोठी माणसं तिथे बघत नाहीत.

"हा बघा," एसा म्हणाला. "आमच्या कोलबदकाचा भाऊ."

सांध्याच्या एका बाजूला कुंपण होतं. दुसऱ्या बाजूला नुसतं कोल्ह्याचं डोकं. मान, आणि पुढचे दोन पाय. धड नाही, शेपूट नाही. जणू तो पेटीच्या आतून बाहेर येत होता.

हिटी दारातच उभी होती. पॉमरॉयांच्या घरात पाऊल टाकायचं की नाही, हे तिचं ठरत नव्हतं. ते डोकं पाहिलं आणि ती कुणी बोलावल्याशिवाय आत आली. पेटीजवळ वाकली. मग जेरुशाच्या कानात म्हणाली, "ही त्यांची पेटी नाही."

*

कोलबदक व्हीलॉकांच्या घरातलं जुनं माणूस होतं. जेरुशाच्या आईनेही त्याच कागदाची पेटी घेतली होती, आणि तिच्या सांध्यावर कोल्ह्याचं मागचं अंग आणि बदकाचं डोकं शेजारी शेजारी आली होती. मागे झुबकेदार शेपूट, पुढे वासलेली चोच. एसाने त्याला नाव दिलं, त्याच्या ओरडण्याचा आवाजही ठरवला, आणि तो आवाज काढल्याबद्दल दोनदा मारही खाल्ला.

लुक्रेशियाकडून पेटी उसनी आणून त्यांनी ती स्वयंपाकघराच्या टेबलावर आईच्या पेटीशेजारी ठेवली.

"कागदाची एकच लांब पट्टी उरली होती," हिटी म्हणाली. आता ती भराभर बोलत होती. पेटीचं बोलायचं असलं की तिचा खोकलासुद्धा वाट बघत थांबायचा. "पहिली पेटी पॉमरॉयांची. ती झाली तेव्हा माझी कात्री बदकाच्या मानेतून गेली. म्हणजे बदकाचं धड त्यांच्या पेटीवर, डोकं तुमच्या. मग तुमची पेटी संपली ती कोल्ह्याच्या कमरेत. मागचं अंग तुमच्याकडे, आणि डोकं..."

जेरुशाने दोन्ही सांधे जवळ आणले. कोल्ह्याच्या शेपटीला डोकं मिळालं. ओठाला ओठ लागावा तशी रेघ जुळली.

"म्हणजे ही तिसरी," जेरुशा म्हणाली. "पॉमरॉयांच्या पेटीवर बिनमुंडक्याचं बदक पाहिजे. ते बदक आणि आतलं बॉनेट कुणीतरी उचलून घरी नेलं, आणि स्वतःची पाईची पेटी फळीवर ठेवून गेलं. तिसरी पेटी कुणी घेतली, हिटी?"

हिटीला ठाऊक नव्हतं. मावशीने ती संध्याकाळच्या वेळी कुणाला तरी मागच्या दाराने दिली आणि नाव विचारल्यावर म्हणाली, गिऱ्हाइकाने सांगू नको म्हटलंय. एवढं आठवत होतं की दुसऱ्या दिवशी घरात सफरचंदाच्या मुरंब्याची बरणी आली. ती अजून फडताळात होती, अर्धी.

"चला बरणीकडे," लिफ म्हणाला, पण त्याच्या आवाजात नेहमीचा उत्साह नव्हता.

कझाया मावशीच्या घरापर्यंतच्या चिखलात एसाचा एक बूट राहिला. तो काढायला दोघं लागले, आणि निघाला तेव्हा तिघंही पडली. बरणी मातीची, चारचौघांत असते तशी. ओळखण्यासारखं काही नाही. तोंडाला दादरा बांधलेला, तपकिरी चौकटींच्या जाड कापडाचा.

जेरुशाने दादरा सोडला, उलटला, आणि लिफसमोर धरला.

लिफ लाल झाला.

"लिफ टटल," जेरुशा म्हणाली, "ही तुझी विजार ना रे? शाळेत बाकाच्या खिळ्यात अडकून फाटली ती?"

"मागचा भाग आहे," लिफ म्हणाला.

एसा जमिनीवर बसून हसायला लागला. हिटीने दोन घास मुरंबा खाल्लेला आठवून तोंडावर हात धरला. पण लिफ हसत नव्हता. त्याने खाली बघत सगळं सांगितलं. टटलांकडे पाईची टोपली होती. शनिवारी तो त्या टोपलीत बसून टेकडीवरून घसरत खाली आला. टोपली बर्फासाठी नव्हती आणि बर्फही टोपलीसाठी उरलं नव्हतं. मूठ तुटली. रविवारी आजीने दोन प्रवचनांमधल्या जेवणासाठी पाई नेल्या, पण कशातून ते त्याने विचारलं नाही, कारण मग टोपलीचं निघालं असतं. आजीने गोल काहीतरी झग्याखाली धरलं होतं. रिकाम्या थाळ्या घरी त्यानेच रुमालात बांधून आणल्या.

"आणि लुक्रेशियाच्या पेटीत तू आजीची पाई ओळखलीस," जेरुशा म्हणाली.

"ओळखली."

"आणि बोलला नाहीस."

"माझी आजी आहे," लिफ म्हणाला. मग हिटीकडे बघून म्हणाला, "चुकलो. म्हणजे, आता बोलतोय ना."

हिटीने त्याच्याकडे बघितलं आणि बरणी पुढे केली. लिफने नको म्हटलं. यावरून सगळ्यांना कळलं की त्याला खरंच वाईट वाटतंय.

*

पण जाऊन सांगायचं कुणाला? हाच घोळ होता. डिकनीणबाईंनी, म्हणजे लिफच्या आजीनेच, दुकानात गावभरच्या बायकांसमोर एकदा नव्हे, अनेकदा ऐकवलं होतं की त्या नटव्या पेट्या म्हणजे डोक्यावरचा गर्व हातात धरून मिरवायची सोय, आणि टटलांच्या घरात त्यांना थारा नाही. आता त्यांच्याकडे अशी पेटी आहे असं चार पोरांनी म्हणायचं, त्यांतला एक त्यांचाच नातू, आणि एकीवर आधीच चोरीचा आळ. डिकनांनी ऐकून घेतलं असतं आणि मग सगळ्यांना पाठ करायला एखादं स्तोत्र दिलं असतं.

"मी रात्री टटलांच्या घरातून पेटी शोधून आणतो," एसा म्हणाला.

"म्हणजे ती आपल्या हातात सापडेल. छान. मग शाळेची लाकडं आपल्या बाबांनी फोडायची." जेरुशा नखं कुरतडत येरझाऱ्या घालत होती. एरवी हे काम एसाचं. "आपण आणायची नाही. लिफच्या आजीने स्वतः आणली पाहिजे. हिटी, पेटीला सगळ्यात मोठं भय कशाचं?"

"उंदरांचं," हिटी लगेच म्हणाली. "खळ कणकेची असते. उंदीर कागदासकट खातात. म्हणून मावशी पेटीत खाण्याचं काही ठेवू देत नाही. एकदा आत अन्नाचा वास लागला की आठवड्यात चाळण होते."

जेरुशा थांबली. "अन्नाचा वास," ती म्हणाली. "उदाहरणार्थ, पाईचा."

*

शुक्रवारी दुपारी डिकन टटल हिटीला घेऊन आले. तिची गाठोडी एका हातात, हिटी दुसऱ्या हातात. स्वयंपाकघरात आधीच माणसं होती. जेरुशा आणि एसा काकवी द्यायच्या निमित्ताने येऊन बसले होते. लुक्रेशिया पॉमरॉयही होती. तिला जेरुशाने उसनी पेटी परत देताना एवढंच सांगितलं होतं की ती घेऊन या आणि कशालाही नवल वाटू देऊ नका. दुसरी गोष्ट तिला जमत नव्हती.

"ही पेटी कशाला आणलीस, मुली?" डिकनीणबाई म्हणाल्या. त्यांनी पेटीकडे एकदाच पाहिलं आणि मग पुन्हा पाहिलं नाही.

"टाकून देणार आहेत त्या," जेरुशा म्हणाली. "उंदीर लागलेत, टटलकाकू. त्यात कुणीतरी पाई ठेवली होती म्हणे. हिटी म्हणते, या पेट्यांना एकदा पाईचा वास लागला की संपलं. त्याच कागदाच्या दुसऱ्या पेट्या असतील तर त्याही संपल्या. एकाच खळीच्या ना. उंदीर पेटीपासून सुरू करतात आणि मग माळ्यावरच्या रजया, लोकर..."

"तुमच्याकडे नाहीच अशी पेटी, बरं आहे," एसाने जोड दिली.

"नाही," डिकनीणबाई म्हणाल्या.

त्या पोळपाटावर पिठाचा गोळा लाटत होत्या. लाटणं दोनदा पुढे गेलं, दोनदा मागे आलं. मग म्हणाल्या की वर दोरीवर सुकवलेली सफरचंदं जरा हलवून यायला हवीत. हात पुसले आणि माळ्याची शिडी चढून गेल्या.

खाली डिकन बोलत होते. हिटीला या घरात काय मिळेल हे ते तिला समजावून सांगत होते: शिस्त, प्रार्थना, पहाटेची हवा. हिटी ऐकत नव्हती. कुणीच ऐकत नव्हतं. सगळ्यांचे कान छताला होते. पावलं वाजली. काहीतरी ओढल्याचा आवाज आला. मग शांतता. मग आणखी शांतता. एसाचा पाय टेबलाखाली हलायला लागला आणि टेबलही हलायला लागलं.

"आजी बरी आहे ना?" लिफ म्हणाला, आणि हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. तो शिडीकडे धावला. मागून जेरुशा, एसा, हिटी. मागून लुक्रेशिया, घागरा सावरत. आणि सगळ्यांत शेवटी डिकन, हा काय प्रकार आहे असं विचारत.

माळ्यावर एकच लहान खिडकी होती. तिच्या काचेसमोर डिकनीणबाई उभ्या होत्या. पायाशी पिवळी पेटी उघडी पडली होती, सांधा वर, आणि सांध्यावर एक बिनमुंडक्याचं बदक. डोक्यावर बॉस्टनचं बॉनेट. निळ्या फिती हनुवटीखाली बांधलेल्या, तिरक्या, नीट गाठ मारून. त्या काचेत बघून मान जरा डावीकडे, जरा उजवीकडे करत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर असं काही होतं की जेरुशाच्या ओठावर आलेलं वाक्य तिथेच राहिलं.

मग त्यांना काचेत बाकीची तोंडं दिसली.

 डिकनीणबाईंनी गाठ सोडायला हात वर नेला, आणि मग ते न करता सरळ वळल्या.

"जरा सैल होतंय," त्या म्हणाल्या.

लुक्रेशियाला आधी रडू आलं, मग हसू आलं. डिकन टटल यांना काहीच आलं नाही. ते पेटीकडे, मग बायकोकडे, मग पुन्हा पेटीकडे बघत राहिले. जेरुशाने खालची पेटी वर आणली आणि दोन्ही पेट्या जवळ ठेवून बदक कुठलं, कोल्हा कुठला, हे त्यांना एकदा सांगितलं. हिटीने तेच पुन्हा सांगितलं, अधिक नीट. टोपलीचं लिफने स्वतः सांगितलं. डिकनीणबाईंनी मुरंब्याच्या बरणीपर्यंत सगळं कबूल केलं. पेटी गुपचूप घेतली ती केवळ देखणी होती म्हणून. आणि मग देखणेपणासाठी घेतली असं वाटू नये म्हणून तिच्यात पाई ठेवल्या. रविवारी फळीवरून आपली समजून लुक्रेशियाची पेटी उचलली. दोन्ही हलक्याच. घरी आल्यावर नवऱ्याच्या नजरेला पडू नये म्हणून न उघडताच माळ्यावर ढकलली.

"पण मग तुम्ही बोलला का नाहीत?" हिटीने विचारलं. एवढ्या दिवसांत तिने एखाद्या मोठ्या माणसाला विचारलेला हा पहिलाच प्रश्न होता. "माझ्या गादीतलं गवत काढलं तेव्हा?"

डिकनीणबाईंनी बॉनेट काढून लुक्रेशियाच्या हातात दिलं. "मला वाटलं माझी पेटी रिकामी आहे, पोरी. देवाशपथ. पण तुझं न बघताच खरं मानायला हवं होतं. ते मी केलं नाही." मग त्या नवऱ्याकडे वळल्या. "गाठोडी कुठे टाकलीत हिची? द्या तिला परत. आणि सगळ्यांची घरं बघितलीत म्हणे तुम्ही. स्वतःचं बघितलंत का?"

डिकन म्हणाले की स्वतःच्या घराची झडती कोण घेतो.

"तेच तर," बाई म्हणाल्या.

*

बातमी संध्याकाळपर्यंत गावभर झाली. चिखलातून बैल येत नव्हते, पण ती आली. स्क्वायर पॉमरॉय स्वतः व्हीलॉकांच्या गुऱ्हाळात आले, बूट भरून चिखल घेऊन. म्हणाले की या गावचे पंच जर पेटीची मागची बाजू बघायला शिकले, तर गावाचे निम्मे तंटे मिटतील, आणि या चौघांपैकी निदान एक पुढेमागे पंच होईल अशी त्यांना आशा आहे. एसाला वाटलं ते त्याच्याकडे बघताहेत. ते जेरुशाकडे बघत होते.

रस्ते वाळले तशी कझाया मावशी परत आली. सगळं ऐकून घेतलं, हिटीला जवळ ओढून तिच्या कपाळावर हात ठेवून ताप बघितला, मग पॉमरॉयांची पेटी मागवून सांध्यावर बोट फिरवलं. "कात्री सरळ गेलीये," ती हिटीला म्हणाली. मावशीच्या तोंडून याहून मोठी शाबासकी आजवर कुणी ऐकली नव्हती.

आता कुणी किती भरलं ते पाहू.

लुक्रेशियाने जेवणघराच्या भिंतीचा उरलेला सगळा कागद हिटीला दिला, जहाजांची चित्रं असलेला. हिटीची पहिली पेटी त्याची होणार होती. डिकनीणबाईंनी कझाया मावशीला मुरंब्याची दुसरी बरणी दिली, या वेळी पुढच्या दाराने, आणि पेटी स्वतःकडेच ठेवली. पुढच्या रविवारी ती फळीवर सगळ्यांसमोर दिमाखात ठेवली होती, बिनधडाच्या कोल्ह्याचं तोंड दाराकडे करून. हिटीने काहीच भरलं नाही. तिच्याकडून आधीच बरंच वसूल झालं होतं.

डिकन टटल यांनी दिलेला शब्द पाळला. बॉनेट त्यांच्या छपराखाली निघालं होतं, तेव्हा शाळेची लाकडं टटलांच्या घराने फोडायची. पण डिकनांची कंबर धरली होती. म्हणून त्यांनी कुऱ्हाड लिफच्या हातात दिली.

लिफ सबंध उन्हाळा लाकडं फोडत होता. संध्याकाळी तो नवी टोपली विणायला शिकत होता. त्याची विजार मुरंब्याच्या बरणीवर गेली होती ती गेलीच. आणि त्या रविवारच्या पाईतला, हे त्याने जेरुशाला पुन्हा पुन्हा सांगितलं, त्याच्या वाट्याला आला होता तो नुसता काठ.